उलटं पळण्याची नोकरी

आमच्या गावात मला ‘बर्फवाला’ म्हणतात. हिंगोली जिल्ह्यात, डोंगरकड्याच्या अंगाला आमचं गाव. तिथं बर्फ म्हणजे लग्नातल्या मठ्ठ्यात टाकायची लादी, नाहीतर बाजारच्या दिवशी गोळेवाल्याच्या गाडीवर दिसतो तो. त्यामुळं मी नोकरीत बर्फावर खेळायचो हे कळल्यावर लोकांनी आपापल्या परीनं अर्थ लावला. बहुतेकांचा समज असा, की मी तिकडं बर्फाच्या कारखान्यात होतो. एका सोयऱ्यानं तर निवृत्तीनंतर हिंगोलीत असाच कारखाना टाकायचा सल्ला दिला आणि जागाही दाखवायला नेलं. मी जाऊन जागा बघून आलो. समजावून सांगत बसण्यापेक्षा ते सोपं होतं.

तर आता एकदाचं लिहूनच टाकतो. मी आइस हॉकी खेळायचो, बचावाच्या जागेवर. ज्या दलात होतो त्याचं नाव इथं लिहीत नाही, कारण पेन्शन चालू आहे. पगार जवानाचा, पण हिवाळाभर काम हेच. लडाखला तळी गोठली की आमचा हंगाम सुरू, आणि बर्फ पायाखाली कुरकुरायला लागला की बंद. या अंकाच्या संपादकांनी फोनवर ‘काहीतरी थरारक लिहा’ असं सांगितलंय. थरार तिकडं फार नव्हता. थंडी होती.

मी संघात कसा आलो तेही थरारक नाही. कुठल्यातरी परदेशी मंडळींनी आमच्या संघाला जुने बूट भेट पाठवले होते, खाली पोलादी पातं बसवलेले. त्यात एक जोड एवढा थोरला की कुणाच्याच पायाला होईना. बूट चांगला, टाकवत नाही. मग उस्तादांनी, म्हणजे आमच्या शिकवणाऱ्यांनी, जवानांना रांगेत उभं करून सगळ्यांचे पाय बघितले आणि माझ्यापाशी येऊन थांबले. आमच्या घरात पिढ्यानपिढ्या मेंढरं. माळावर हिंडून हिंडून आमचे पाय असेच पसरलेले. बूट मला झाला. उद्यापासून खेळायचं असं सांगितलं गेलं. मी हॉकी जमिनीवरची बघितली नव्हती तर बर्फावरची कुठून बघणार. पण दलात ‘येत नाही’ हे उत्तर चालत नाही. ‘जी’ म्हणायचं आणि जाऊन पडायचं. पहिला हिवाळा मी नुसता पडण्यात काढला.

ज्यांना हा खेळ माहीत नाही, म्हणजे आमचा अख्खा जिल्हा, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एका बाजूला सहा माणसं. एक गोलात उभा, तीन पुढं गोल मारायला, आणि उरलेले दोघं बचावाला. चेंडू नसतो. काळ्या रबराची चकती असते, बुटाच्या पॉलिशच्या डबीएवढी. तिला पक म्हणतात. ती पायावर लागली की पॉलिशची डबी आठवत नाही. मैदानाभोवती लाकडी कठडा. समोरच्या संघाचे तिघं पक घेऊन सुसाट येतात आणि बचाववाला त्यांच्याकडं तोंड करून उलटा पळतो. त्याला मागं, मागं, मागं जात समोरच्याला कडेला कठड्याकडं ढकलायचं असतं. पुढं जाऊन अंगावर धावायचं नाही. धावलं की तो बगलेतून निसटतो आणि तुम्ही एकटेच पुढं जाऊन उभे राहता. लोक टाळ्या वाजवतात त्या गोल मारणाऱ्याला. बचाववाल्याचं कौतुक म्हणजे त्या दिवशी त्याचं नाव कुणाच्या तोंडी आलं नाही हे. माझ्या बापाला हे समजावून सांगितलं, तर तो म्हणाला, "म्हंजी सरकार तुला मागं सरकायचा पगार देतं." मी व्हय म्हणालो. यात चूक काही नव्हतं.

बचावात आम्ही दोघं. उजवीकडं मी, डावीकडं नोरबू. नोरबू तिथलाच, लेहच्या वरच्या अंगाच्या एका गावातला. वयानं मोठा, पण बर्फावर अहो-जाहो करायला सवड नसते म्हणून आमचं अरे-तुरे. मला उलटं पळायला त्यानं शिकवलं. शिकवायची पद्धत साधी होती. तो माझ्या छातीला काठी लावून मला मागं ढकलत न्यायचा आणि मी पडलो की वाट बघत उभा राहायचा. हात कधी द्यायचा नाही. मला तो ‘हिंगोली’ म्हणायचा. सगळा संघच मग हिंगोली म्हणायला लागला. माझं खरं नाव साहेब लोकांनासुद्धा कागद बघितल्याशिवाय सांगता यायचं नाही.

खेळताना दोघांनी एकमेकांना सारखं ओरडून सांगावं लागतं. कुणी धरायचं, कुणी सोडायचं, कोण मोकळा आहे. आता पंचाईत अशी, की हिंदीत ओरडलं तर समोरच्यांना कळतं आणि लडाखीत ओरडलं तर जास्तच कळतं, कारण सगळ्या संघांत तिथलीच पोरं. मग नोरबूनंच तोडगा काढला. म्हणाला, तुझी भाषा इथं कुत्रंसुद्धा समजत नाही, ती शिकव. मी शिकवली. मी काय प्रमाण मराठी शिकवणार? जी घरात बोलतो तीच. वर्षभरात नोरबू ‘धर’, ‘सोड’, ‘येऊ दे त्याला’ असं बर्फावर बोलायला लागला आणि दुसऱ्या वर्षी बराकीत ‘काहून बसून राहिला रे हिंगोली, चहा थंडा होऊन राहिला’ असं म्हणायला लागला. हिमालयाच्या पलीकडं असं बोलणारा तो एकटाच असावा.

ही युक्ती फार चालली. फक्त एकदा अंगाशी आली. दुसऱ्या एका दलाच्या संघाशी सामना होता. आम्ही काहीही ओरडलो की त्यांचा गडी बरोबर उलट्या बाजूनं निघायचा. धर म्हटलं की हा पक सोडून देई, सोड म्हटलं की हा तिथंच येऊन उभा. बरेच गोल खाल्ले. मग माझं लक्ष गेलं. त्यांच्या गाडीचा ड्रायव्हर कठड्याला टेकून उभा होता आणि आमच्या प्रत्येक ओरडण्याचं भाषांतर करून सांगत होता. परभणीचा निघाला. सामना संपल्यावर मी तावातावानं त्याच्याकडं गेलो. तो म्हणाला, "भाऊ, लई दिवसांनी मराठी ऐकून राहिलो, राहवलंच न्हाई." मग काय भांडणार. त्याच्याजवळ घरून आलेली शेंगदाण्याची चटणी होती, ती आम्ही दोघांनी तिथंच बसून संपवली. नोरबू मात्र त्याच्याशी शेवटपर्यंत बोलला नाही.

नाना तऱ्हेची माणसं अंगावर यायची. एक जण येता येता घरची खुशाली विचारायचा. ‘भाई, बच्चे कैसे हैं?’ तुम्ही उत्तर द्यायला तोंड उघडलं की तो गेला. दुसरा एक धक्का मारायच्या आधीच ‘सॉरी’ म्हणायचा. नोरबूनं मला सांगितलं होतं, तोंडाकडं बघू नको, पोटाकडं बघ, माणसाला पोट सोडून कुठं जाता येत नाही. हे मी पुढं फार ठिकाणी वापरलं, अगदी जवळा बाजार गावात बैल घेतानासुद्धा.

पक अडवताना समोरचे दोन दात गेले, हेही सांगून टाकतो. नेमकं त्याच सुट्टीत मुलगी बघायचं ठरलेलं. मुलगी कनेरगाव नाक्याची, तिच्या घरचा रस्त्यावर ढाबा. सासऱ्यांनी दात कशानं गेले म्हणून विचारलं. मी म्हणालो, बर्फावर रबराची चकती लागली. सासऱ्यांनी मान डोलावली, आत गेले आणि हळूच माझ्या मामाला विचारलं, पोरगं रोज पितं का कधीमधी. ढाबेवाला माणूस, त्यांना असली कारणं रोज ऐकायची सवय. लग्न झालं, पण तो संशय त्यांच्या मनातून कधी गेला असं मला वाटत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. तिच्यासाठीच मी हे लिहायला बसलो.

एका वर्षी नवे साहेब आले. मोठी स्पर्धा तोंडावर होती आणि ती दुसऱ्या गावी व्हायची होती. साहेबांनी सांगितलं, या वेळी माणसं कमी न्यायची. बचावाच्या बाकीच्या जागा भरल्या होत्या, एक उरली होती, आणि तिच्यासाठी आम्ही दोघं, मी आणि नोरबू. सुट्टीवरून परत आल्या आल्या निवड. जो राहील त्याचं नाव संघातून निघणार आणि तो साध्या ड्यूटीवर जाणार. म्हणजे मी राहिलो तर खाली मैदानी मुलखात कुठंतरी बदली. पुन्हा बर्फाचं तोंड दिसलं नसतं. एव्हाना मला त्या खेळाचं वेड लागलं होतं. हे मी घरी कधी बोललो नाही, इथं पहिल्यांदा लिहितोय. आणि नोरबूचा तर तो नोकरीतला शेवटचाच हिवाळा. राहिला तर त्याचं खेळणं कायमचं संपणार.

मी सुट्टीवर येताना बूट बरोबर आणले होते. संघाचं धार लावायचं यंत्र बिघडलेलं, आणि हिंगोलीत रहीमचाचा होते. चाचांचं घराणं पार निजामाच्या काळापासून धार लावणारं. कात्र्या, विळे, कोयते, न्हाव्यांचे वस्तरे, कसायांचे सुरे, सगळं त्यांच्याकडं. चाचांनी बूट हातात घेऊन उलटा केला, पात्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "बेटा, ये तो बीच में घिस गया. नाली पड़ गई. बराबर कर के देता." मला बहिणीकडं जायची घाई होती. मी बरं म्हणालो आणि निघालो. परत जायच्या दिवशी चाचांनी बूट कागदात बांधून दिले. पैसे घेतले नाहीत. सरहद्दीवरच्या पोराकडून घेणार नाही म्हणाले.

इथं जरा थांबून सांगायला पाहिजे. बर्फावरच्या बुटाच्या पात्याला सुरीसारखी एक धार नसते. पातं मधोमध खोलगट असतं आणि दोन कडांना दोन धारा असतात. वळताना आतली कड बर्फात रुतते, थांबताना दोन्ही. ती मधली नाली हेच सगळं. चाचांना ती झीज वाटली. त्यांनी जीव ओतून काम केलं होतं. दोन्ही कडा उतरवून मधोमध एकच धार काढली होती, बकऱ्याच्या सुऱ्याला काढतात तशी. मी लेहला पोचून कागद सोडला आणि कपाळाला हात लावला. त्या पात्यानं दाढी करता आली असती.

तरी मी बर्फावर उतरून बघितलं. सरळ निघालो. फार छान निघालो. वळता येईना, थांबता येईना. कठड्याचं दार उघडं होतं, त्यातून मी बाहेर गेलो आणि दुसऱ्या दिवशीसाठी साहेब लोकांच्या खुर्च्या मांडल्या होत्या त्यांच्यात जाऊन बसलो. दोन खुर्च्या मोडल्या. नोरबू सावकाश आला, माझा पाय उचलून पातं बघितलं आणि त्यावर नख ओढलं. मग म्हणाला, हा माणूस कोण आहे, माझ्या घरच्या सुऱ्या त्याच्याकडं पाठवायच्यात.

मला हसू आलं नाही. माझ्या मापाचे दुसरे बूट अख्ख्या लडाखात नव्हते. निवड दुसऱ्या दिवशी सकाळी. मी म्हणालो, संपलं. नोरबू बूट घेऊन चालायला लागला. गाड्या दुरुस्त करायच्या शेडमध्ये गेला, शिकंज्यात पातं आवळलं, आधी चाचांची धार कानशीनं घासून सपाट केली आणि मग धार लावायचा गोल दगड, काठीसारखा असतो तो, घेऊन मधली नाली पाडायला बसला. पोलाद ते, दगडाला दाद देत नव्हतं. त्याच्या बोटांची सालं निघाली. दुपार सगळी त्यात गेली.

मला राहवलं नाही. मी म्हणालो, "नोरबू, उद्या जागा एकच हाय."

तो म्हणाला, "माहीत हाय. तू बूट घट धर."

चाचांना मी हे कधी सांगितलं नाही. पुढच्या सुट्टीत त्यांच्याकडं घरचे विळे-कोयते नेले, बूट नेले नाहीत. तर ते रुसले. बूट काहून न्हाई आणले, हात आवडला न्हाई का, असं विचारलं. मी म्हणालो, चाचा, तुमची धार अजून उतरलीच नाही. ते इतके खूश झाले की चहा पाजला. चाचा आता नाहीत.

निवडीच्या दिवशी ऊन स्वच्छ पडलेलं. मोडक्या खुर्च्या कुणीतरी हलवल्या होत्या. माझी पाती थोडी बुटकी झाली होती पण धरत होती, वळत होती, थांबत होती. साहेबांनी बराच वेळ दोघांना खेळवलं, काही ठरेना. शेवटी म्हणाले, समोरासमोर या. आधी नोरबू पक घेऊन येणार, मी अडवायचं. नंतर मी येणार, त्यानं अडवायचं.

नोरबू तीनदा आला, दोनदा निसटून गोल मारून गेला, एकदा मी त्याला कठड्यावर दाबला. जोर कमी लावला नाही. कमी लावला असता तर त्याला कळलं असतं आणि त्यानं तिथंच काठी डोक्यात घातली असती. मग माझी पाळी. मी पक घेऊन निघालो आणि नोरबू माझ्याकडं तोंड करून उलटा पळायला लागला. दरवेळी जसा पळायचा तसाच, अंगात लोणी असल्यासारखा. आणि मध्येच, पापणी लवावी एवढ्यात, त्याची हनुवटी खांद्याकडं वळली. मी त्याच्या बगलेतून आत गेलो आणि गोल मारला. पुन्हा आलो. पुन्हा ती हनुवटी. पुन्हा गोल. तिसऱ्यांदा त्यानं मला अडवलं, पण माझं डोकं तापलं होतं. मला वाटलं, हा मुद्दाम सोडून राहिला.

साहेबांना ते सगळं बरोबरीचंच वाटलं. त्यांनी आम्हाला जवळ बोलावलं आणि नोरबूला म्हणाले, तुम्ही जुने खेळाडू, तुम्हीच सांगा कुणाला नेऊ. नोरबूनं हिंदीत सांगितलं, याला न्या. साहेबांनी कारण विचारलं. नोरबू म्हणाला, "इसका पाँव बड़ा है." साहेबांनी माझ्या पायाकडं बघितलं, पटल्यासारखी मान हलवली आणि गेले.

मी नोरबूला धरलं. मला जागा मिळाली होती आणि मला राग आला होता. मी म्हणालो, "मला सोडून दिलं ना तू? काहून?"

तो बुटाची नाडी सोडत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "सोडलं न्हाई. मी मागं बघून राहिलो."

उलटं पळणाऱ्यानं मागं बघायचं नसतं. कठडा किती लांब आहे, आपला गोल कुठं आहे, हे पाठीला कळायला लागतं. गुडघा दगा देईल, आपण आपटू, अशी एकदा भीती शिरली की माणूस वळून बघतो. तेवढ्यात समोरचा गेलेला असतो. यावर औषध नाही.

मी विचारलं, कधीपासून.

"गेल्या हिवाळ्यापासून. तुला दिसलं न्हाई. तू नेहमी माह्या बाजूला, समोर कधी आलाच न्हाई."

ते खरं होतं. इतकी वर्षं आम्ही खांद्याला खांदा लावून खेळलो. नोरबू समोरून कसा दिसतो हे मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

"मग काल माहे बूट काहून घासत बसला? तसेच ठेवले असते तर मी आपटलो असतो."

"तेच तर," तो म्हणाला. "तू आपटला असता तर मला जावं लागलं असतं."

दोन दिवसांनी संघ निघाला. ट्रकमध्ये सामान चढवायला नोरबू आला होता, अंगात साधी वर्दी, बोटांना पट्ट्या. माझी बॅग त्यानंच वर टाकली. मी वर चढलो. वाईट वाटत होतं, आणि खोटं कशाला बोलू, जागा मिळाल्याचा आनंदही पोटात मावत नव्हता. नोरबूनं फळी लावली, वरचा कोयंडा घातला आणि माझ्याकडं बघून म्हणाला,

"तू जाऊन राहिला. मी राहिलो."

यातलं पहिलं वाक्य मी शिकवलेलं होतं. दुसरं त्याचं त्यानं केलं. ट्रक सुटला आणि मी मागच्या फळीशी बसून रडलो. मागं तोंड करूनच बसलो होतो, त्यामुळं तो बराच लांबपर्यंत दिसत होता.